जिला नाव आहे

इंग्रजी मला शाळेने शिकवले. त्या भाषेत जिवाला जीव म्हणायला शिकवले ते आठवीच्या बाईंनी. हे ऋण फिटणारे नाही; निदान नोंदवून ठेवावे, म्हणून लिहिते आहे.

सातवीत गाईवर इंग्रजी निबंध होता. बहुतेकींनी गाइडमधला उतरवला, मी आमच्या तांबूवर लिहिला. वडील धारेला बसले की ती पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणाचा हात लागला की लाथ झाडायची. वसुबारसेला आई तिला वासरासकट ओवाळायची. हे सगळे मी ‘शी’ असे लिहिले होते. वही परत आली तेव्हा प्रत्येक ‘शी’वर लाल रेघ होती आणि वर ‘इट’. घरी वडिलांनी ‘इट’चा अर्थ विचारला. ‘वस्तूला म्हणतात ते,’ मी सांगितले. तांबूच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, ‘मग ते हिच्यासाठी नव्हे.’

पुढच्या वर्षी ती वही मी नव्या बाईंना दाखवली. त्यांनी निबंध शेवटपर्यंत वाचला, तांबूच्या वासराची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, ‘तुझं चुकलं नाही. ओळखीपाळखीचं नसलेलं जनावर इंग्रजीत ‘इट’. पण नर की मादी ते ठाऊक असेल, नाव ठेवलेलं असेल, तर ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणावं. तिथे ‘विच’सुद्धा नको, ‘हू’ लिही. जिला हाक मारतेस तिला ‘इट’ म्हणू नकोस.’

मी विचारले, ‘पण आपणही ते वासरू म्हणतो ना?’

‘लेकरूही तेच असतं,’ बाई म्हणाल्या. ‘मूल, कोकरू, पाडस, पिल्लू. आपलं नपुंसकलिंग लहानग्यांना कुशीत घेतं. म्हणून प्रत्येक ‘ते’चं ‘इट’ करू नये. आणि घार, खार मराठीत कायम ‘ती’, म्हणून इंग्रजीत सगळ्या खारी ‘शी’ होत नाहीत. ते शब्दाचं लिंग. आधी समोर कोण आहे ते बघ, मग सर्वनाम लिही.’

पुढे भाषांतर हाच माझा व्यवसाय झाला, आणि बाईंचे ते शेवटचे वाक्य रोज कामी आले.

बऱ्याच वर्षांनी जेन गुडाल यांची हकीकत वाचली. 1960 मध्ये त्या टांगानिकातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास करायला गेल्या. त्यांनी चिंपांझींना नावे दिली: डेव्हिड ग्रेबियर्ड, फ्लो. केंब्रिजला गेल्यावर त्यांना ऐकावे लागले की नावे नव्हे, क्रमांक द्यायला हवे होते. त्यांचा पहिला शोधनिबंध संपादकाकडून परत आला तेव्हा ‘ही’, ‘शी’, ‘हू’ खोडून तिथे ‘इट’ आणि ‘विच’ घातलेले होते. गुडाल यांनी त्या दुरुस्त्याच खोडल्या आणि आपले शब्द परत लिहिले. निबंध छापला गेला तो त्यांच्या शब्दांनिशी.

वाचता वाचता मला माझी लाल रेघांची वही दिसू लागली. मी बाईंच्या गावी गेले. त्या फार थकल्या होत्या, कमी ऐकू येत होते. गुडाल यांची गोष्ट मी त्यांना मोठ्याने, सावकाश सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुमची ती गाय... तांबू ना?’

तीस वर्षांनंतर बाईंना तांबूचे नाव आठवत होते. त्या गाईला बाईंनी कधी पाहिलेही नव्हते.

आता बाई नाहीत, वडील नाहीत, तांबू तर केव्हाच गेली. तुमच्या गोठ्यातल्या, अंगणातल्या जिवाबद्दल कधी इंग्रजीत लिहायची वेळ आली, तर लिहिण्याआधी एकदा त्याला नावाने हाक मारा. कान टवकारून जो तुमच्याकडे बघेल, त्याला ‘इट’ लिहू नका.