अण्णांची येझदी आणि ऑक्सिमीटरवरचे ९८



नेहमी मी तुम्हाला रुग्णांच्या गोष्टी सांगतो. आजची गोष्ट माझी स्वतःची आहे आणि ती सांगताना थोडा संकोच वाटतो. कारण "त्रास अंगावर काढू नका" असे रोज दवाखान्यात बसून सांगणारा मीच, एका रविवारी घरच्या पडवीत तीन तास नेमके तेच करत होतो. मोटरसायकल दुरुस्त करता करता.

गाडी कुठली?

माझ्या वडिलांची, अण्णांची. येझदी रोडकिंग. २५० सीसी, टू-स्ट्रोक, दोन बाजूंना दोन सायलेन्सर. डावीकडचा एकच दांडा गिअरचा आणि तोच आत दाबून वर फिरवला की किकचा. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांच्या कानात आत्ता तो आवाज घुमला असेल! म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात या गाड्या तयार होत. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. चौल, रेवदंडा, अलिबाग अशी त्यांची सगळी नोकरी याच गाडीवर झाली. मी दहावीत असताना माझे अपेंडिक्स दुखू लागले, तेव्हा भर पावसात मला याच गाडीवरून अलिबागला नेले होते. अण्णा गेल्यावर गाडी मागच्या पत्र्याच्या खोपीत उभी राहिली. विकायला मन होईना आणि चालवायला वेळ होईना.

मग ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या आणि नारळ आडवे झाले, खोपीचे पत्रे उडाले आणि येझदी उघडी पडली. कोरोनाचे दिवस होते. दवाखान्यातून मान वर काढायला सवड नव्हती. गाडीकडे लक्ष गेले तेव्हा पूर्ण पावसाळा तिने अंगावर घेतला होता. आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा लोखंडाला काय करते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

खोलणे आणि जोडणे

दोन वर्षांपूर्वी मी ठरवले की गाडी घरीच खोलायची. रेवदंड्याचे एक जुने मेकॅनिक, आता सत्तरीचे, त्यांना सगळे चाचा म्हणतात. ते म्हणाले, "शिकवीन डॉक्टर, पण हात तुमचेच काळे होतील."

पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता. मी हातोडी उचलली तर चाचांनी काढून घेतली. प्लगच्या भोकातून रॉकेल आणि डिझेल ओतून ठेवले, रोज थोडे थोडे. बाराव्या दिवशी पिस्टन हलला. सुटलेला प्रत्येक नट-बोल्ट मी दवाखान्यातल्या गोळ्यांच्या कागदी पाकिटात ठेवत गेलो. 'सकाळ-दुपार-रात्र' छापलेल्या त्या पाकिटांवर मी 'क्लच', 'मॅग्नेट बाजू', 'मागचे चाक' असे लिहिले. सिलिंडर बोअर करायला पेणला दिला. ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा पुण्याच्या नाना पेठेत मिळाल्या. सायलेन्सरमध्ये तर इतका कार्बन साचला होता की आरपार उजेडही दिसत नव्हता.

या काळात डॉक्टर म्हणून मी बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागत होतो. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन ठेवले होते. हात पेट्रोलने धूत नव्हतो, कारण त्याने कातडी फाटते आणि पेट्रोलमधले बेंझिन अंगात जाते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ फुंकर मारून न उडवता ओल्या फडक्याने पुसली. एवढी काळजी घेणारा माणूस पुढे काय करतो ते पाहा.

तो रविवार

गेल्या श्रावणात इंजिन बसवून झाले. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि चाचांनी मला मिठी मारली. नवीन पिस्टन बसवल्यावर इंजिन थोडा वेळ चालवायचे, बंद करून थंड करायचे आणि पुन्हा चालवायचे, असे करावे लागते. मधेमधे कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून सेटिंगही चालले होते. बाहेर पावसाची झड होती, म्हणून पडवीला वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री बांधली होती आणि दुसरीकडचे दार लोटून घेतले होते. सुरुवातीचा निळा धूर पाहून मी टेबलफॅन लावला. धूर दिसेनासा झाला आणि मला वाटले, झाले काम.

मी, चाचा आणि माझा बारावीतला भाचा असे तिघे होतो. दोन तासांनी माझे डोके ठणकू लागले. मी म्हटले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. चाचा म्हणाले, "सकाळपासून चहा नाही, म्हणून माझेही डोके जड झाले आहे." भाच्याला मळमळले आणि एक उलटी झाली. त्यावर मी निदान केले, "नाक्यावरचा वडापाव बाधला."

तरी डॉक्टर ना मी! आतून पल्स ऑक्सिमीटर आणून भाच्याच्या बोटाला लावला. ९८. माझ्या बोटाला लावला. ९८. मी समाधानाने पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. दारातच थांबून म्हणाली, "तुम्हा तिघांचं एकाच वेळी डोकं कसं काय दुखतंय?"

वाचकहो, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मी ताबडतोब गाडी बंद केली, ताडपत्री ओढून काढली आणि सगळ्यांना पुढच्या ओटीवर आणले. दवाखान्यातला ऑक्सिजन सिलिंडर मागवून भाच्याला आणि चाचांना मास्क लावले. मग दोघांना अलिबागला रुग्णालयात नेऊन तपासून घेतले, चाचांचा ईसीजीही काढला. संध्याकाळपर्यंत तिघेही ठीक झालो. आमच्या रक्तातल्या विषारी वायूचे प्रमाण त्या दिवशी मोजले गेले नाही. पण बंद जागा, चालू इंजिन, तिघांना एकदम त्रास आणि मोकळ्या हवेत उतार, एवढे जुळल्यावर मला तरी शंका उरली नाही. तो कार्बन मोनॉक्साइड होता.

हा वायू नेमके काय करतो?

पेट्रोल, डिझेल, गॅस, कोळसा, लाकूड, काहीही अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो तो त्यातल्या इतर घटकांचा. म्हणून धूर दिसेनासा झाला म्हणजे वायू गेला, असे होत नाही. माझा पंखा पडवीतली हवा पडवीतच फिरवत होता.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन म्हणजे मांडव्याहून मुंबईला जाणारी लाँच समजा. एका लाँचमध्ये चार जागा. फुप्फुसात ऑक्सिजन चढतो आणि मेंदू, हृदय, स्नायू अशा धक्क्यांवर उतरतो. कार्बन मोनॉक्साइड हा असा प्रवासी आहे, की जागा पकडण्यात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चपळ आहे. एकदा बसला की तो लवकर उठत नाही, आणि शेजारी बसलेल्या ऑक्सिजनलाही धक्क्यावर नीट उतरू देत नाही. लाँच भरलेली येते, पण मेंदूला हवा असलेला पाहुणा मिळत नाही.

मग ऑक्सिमीटर ९८ का दाखवतो? ते यंत्र बोटातून प्रकाश सोडून रक्ताचा रंग पाहते. ऑक्सिजन बसलेले आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेले हिमोग्लोबिन या यंत्राला जवळपास सारखेच दिसते. लाँच भरली आहे एवढे त्याला कळते, आत कोण बसले आहे ते कळत नाही. कोरोनात घरोघरी आलेले हे यंत्र चांगलेच आहे, पण या एका विषबाधेत ते खोटा धीर देते. खरे प्रमाण कळायला रक्तातल्या कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची वेगळी तपासणी लागते.

साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तासात तेवढाच उतरतो. म्हणून ऑक्सिजन हाच मुख्य उपचार आहे.

तुमच्या घरी येझदी नसेल, पण...

बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गिझर असेल. वादळानंतर वीज गेली म्हणून व्हरांड्यात लावलेला जनरेटर असेल. थंडीत बाळंतिणीच्या खोलीत ठेवलेली शेगडी असेल. काचा बंद करून एसी लावून उभ्या गाडीत काढलेली झोप असेल. या सगळ्यांत तोच वायू आहे. म्हणून हे लक्षात ठेवा:

- डोकेदुखी, चक्कर, मळमळ, थकवा, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे घरातल्या दोघा-तिघांना एकदम झाली आणि बाहेर गेल्यावर कमी झाली, तर आधी हवेचा संशय घ्या, वडापावचा नंतर.
- गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. जनरेटर घरापासून आणि खिडक्यांपासून दूर ठेवा.
- गाडीचे इंजिन बंद जागेत चालवू नका. पंखा लावणे किंवा दार थोडे किलकिले ठेवणे पुरेसे नाही.
- कोणी बेशुद्ध आढळले तर दारे-खिडक्या उघडा, त्याला पटकन बाहेर काढा, स्वतः आत रेंगाळू नका, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना "गिझर चालू होता" किंवा "इंजिन चालू होते" हे आवर्जून सांगा.
- गर्भवती, लहान मुले आणि हृदयरोगी यांना धोका अधिक असतो. बरे वाटले तरी पुढच्या काही आठवड्यांत विसराळूपणा, चालण्यात किंवा स्वभावात बदल जाणवला, तर पुन्हा दाखवा.

मी अनेकदा विचार करतो, की आम्हा तिघांकडे तीन वेगवेगळी कारणे तयार होती. चष्मा, चहा आणि वडापाव. तुम्ही दवाखान्यात येऊन "गॅसेसमुळे छातीत दुखतंय" म्हणता, तेव्हा मी मनातल्या मनात वैतागतो. आता कमी वैतागेन. आपल्याला आवडणारे काम हातात असले की शरीराची तक्रार ऐकू येत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

येझदी आता बाहेर अंगणात, उघड्या आभाळाखाली सुरू होते. चाचांनी पहिली फेरी मलाच मारायला लावली. चौलच्या दत्ताच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. भाचा मागे बसला होता. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, त्या रविवारची सगळी हकीकत मी या लेखाआधी एकदाही नीट सांगितली नव्हती. ताई, आता वाचलीस. रागाव, पण आज रात्री तुझ्या बाथरूममधला गिझर कुठे बसवला आहे ते मला फोटो काढून पाठव.

बाकीच्या वाचकांनीही आजच आपापला गिझर पाहून घ्यावा, ही विनंती. काळजी घ्या.