श्वासाचा खाडा

वडखळ नाक्यावर राहणाऱ्या माणसाच्या घोरण्याबद्दल कुणी तक्रार करावी, हा मला अन्यायच वाटतो. रात्रभर गोव्याकडचे ट्रक धडधडत असतात, अलिबागच्या फाट्यावर गिअर बदलताना कण्हत असतात. त्यात माझं एक इंजिन जास्त झालं तर बिघडलं कुठे? शिवाय या कलेची परंपरा थेट लंकेपर्यंत पोचते. कुंभकर्णाला उठवायला ढोल लागले, हत्ती लागले. पण 'आधी पोट कमी करा' असं त्याला कुणी सुनावल्याचं ऐकिवात नाही.

पण सौ.ची तक्रार घोरण्याची नव्हतीच.

"घोरता तेव्हा मी निवांत झोपते हो," ती म्हणाली. "थांबता तेव्हा जाग येते. मग आकडे मोजत बसते. काल तीसपर्यंत गेले."

यावर मला विनोद सुचला नाही. दुपारी एस.टी.त डोळा लागून वडखळऐवजी पोयनाडला उतरायचं, हे मी आजवर वयावर ढकलत होतो.

डॉक्टरांनी गळ्याला स्टेथोस्कोप लावण्याआधी पोटाला टेप लावली. मी हिरमुसलो. माझे हातपाय काटक. लठ्ठ म्हणून मला कुणी हिणवलेलं नाही. पुढे आलेल्या पोटाला आमच्या घरात 'सुबत्ता' म्हणतात. सुबत्ता ९८ सेंटिमीटर भरली. आपल्याकडच्या पुरुषांना मर्यादा ९०ची!

"पण वजन उंचीला शोभेसं आहे," मी वकिली केली.

तेव्हा त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्या शेजारी स्वतःचाच फोटो छापला. उंची-वजनाचं गणित दोघांचं सारखंच, २२.३. अंगातली चरबी मात्र साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या माणसाची २१.२! वजनकाटा फार सभ्य. तो चहाडी करत नाही.

ही चरबी यकृत-आतड्यांभोवती दडून रक्तदाब नि साखर बिघडवते. आडवं झालं की पोट छातीचा पडदा वर रेटतं. गळ्याभोवतीची चरबी झोपेत सैलावलेली श्वासाची वाट दाबते. श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून हाकारे घालतो, रक्तदाब उसळतो. तासाला ५ वेळा असं झालं तरी तो आजारच. माझे तपासणीत ३४ भरले. म्हणजे मी झोपायचो आणि हृदय बिचारं रात्रपाळी करायचं, तीही बिनपगारी.

नाक्यावरचा वडा सुटला. (सुटला म्हणजे आठवड्यातून एकदा.) आणि नाकावर मुखवटा चढला, नळीतून हवेचा दाब येतो नि वाट उघडी राहते. पहिल्याच रात्री मी गाढ झोपलो. सकाळी बघतो तो सौ. तांबारल्या डोळ्यांनी बसलेली.

"पुन्हा मोजत होतीस?"

"छे हो! ट्रक. इतकी वर्षं राहतोय इथं, कधी ऐकूच आले नव्हते. केवढे ओरडतात मेले!"