बाकडं

दशावताराच्या रंगमंचावर सामान असं फारसं नसतं. मागे एक पडदा, एका अंगाला पेटी, पखवाज आणि झांज घेऊन बसलेले तिघेजण, आणि मधोमध एक लाकडी बाकडं. इंद्राचं सिंहासन म्हणजे तेच बाकडं. ऋषीच्या आश्रमातली शिळा तीच, हिमालयाचं शिखरही तेच. देवळात एरवी म्हातारी माणसं ज्यावर पाय वर घेऊन बसतात ते बाकडं रात्री बारानंतर त्रैलोक्याचं आसन होतं आणि पहाटे पुन्हा सभामंडपाच्या भिंतीला जाऊन टेकतं.

आमच्या बांद्याकडे या नाटकाला धयकालो म्हणतात. लहानपणी पाहिलेला एक धयकालो मला अजून जसाच्या तसा आठवतो. आख्यान द्रोण आणि द्रुपदाचं होतं. थंडी मी म्हणत होती. मी आणि माझा मित्र एकाच चादरीत गुरफटून अगदी पुढे बसलो होतो. जत्रेतलं खाजं कागदाच्या पुडीत होतं आणि आल्या-गुळाने बोटं चिकट झाली होती. पहिल्या प्रवेशात द्रोण आणि द्रुपद हे दोघे बटू. दोघेही त्या बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसले. दशावतारात संहिता लिहिलेली नसते, नट आपल्या पदरचं बोलतो. द्रुपद झालेला नट म्हणाला की मी राजा झालो की माझं राज्य तुझंही. त्याने ते इतक्या सहज म्हटलं की मला ते नाटकातलं वाटलंच नाही.

मग मधली वर्षं सरली. नाटकात त्याला पखवाजाचे चार ठेके पुरतात. द्रोणाच्या घरी दूध नाही, म्हणून अश्वत्थाम्याला पिठाचं पाणी दूध म्हणून पाजलं जातं. ते पिऊन पोर नाचतं, आणि बाप ते बघत उभा राहतो. मग तो बाप पांचाल देशी निघतो, जुन्या मित्राकडे. पडदा सरला तेव्हा द्रुपद बाकड्यावर बसला होता. डोईवर मुकुट, खांद्यावर शालू. द्रोण आला, ‘मित्रा’ म्हणाला आणि बसायला जागा होईल म्हणून क्षणभर थांबला. राजपार्टी नटाने एवढंच केलं: तो सरकला नाही. बाकड्याच्या अगदी मध्यावर बसून राहिला. दोन्ही बाजूंना हात-हातभर जागा मोकळी होती, पण एका बाजूला कुणी बसावं अशी ती जागा राहिली नव्हती.

त्याच्यानंतरचं सगळं महाभारतात आहेच. मैत्री बरोबरीच्यांत होते, असं द्रुपद सुनावतो. द्रोण कुरूंच्या राजपुत्रांना शिकवतो आणि गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणायला सांगतो. अर्जुन त्याला आणतो. आणि द्रोण काय करतो? अर्धं राज्य परत देतो. गंगेच्या उत्तरेकडचं माझं, दक्षिणेकडचं तुझं; आता आपण बरोबरीचे झालो, आता तरी मित्र हो, असं म्हणतो. सूड घेतानाही त्याला मैत्रीच हवी होती. मला महाभारतातली ही सर्वांत जीवघेणी जागा वाटते. बांधून आणलेल्या माणसाकडे मैत्री मागायची! द्रुपदाने ते अर्धं राज्य घेतलं, आणि द्रोणाला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ मांडला. त्या यज्ञातून धृष्टद्युम्न आला, द्रौपदीही आली. कुरुक्षेत्रावर पंधराव्या दिवशी द्रोणाने द्रुपदाला मारलं आणि त्याच दिवशी धृष्टद्युम्नाने द्रोणाला. जन्मभर एकमेकांवर डोळा ठेवून जगलेली ती दोन माणसं एकाच दिवशी गेली.

हे सगळं पुन्हा वर आलं ते माझ्या भाच्यामुळे. मे महिन्यात तो राहायला आला तेव्हा त्याच्या पिशवीत दोन रोबोट होते. एक लाल-निळा. त्याचे हातपाय दुमडले, डोकं आत घातलं की त्याचा ट्रक होतो. संध्याकाळी मी त्याला कट्टा कॉर्नरला न्यायचो. गोव्याकडे जाणारे, गोव्याकडून येणारे ट्रक तो डोळे फाडून बघायचा, यातला एखादा उभा राहील म्हणून. दुसरा रोबोट राखाडी. त्याला मी सहज ‘रावण’ म्हटलं, तर पोर दुखावलं.

“मामा, तो आधी वायट नाय होतो. ते दोस्त होते.”

मग त्याने मला ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ हा 2024 चा सिनेमा दाखवला. पाऊस लवकर आला होता, पागोळ्या गळत होत्या आणि आम्ही दोघे माजघरात फोनच्या पडद्यावर वाकून बसलो होतो. सायबरट्रॉन नावाचं रोबोटांचं जग. तिथल्या खाणीत राबणारे दोघे, ओरायन पॅक्स आणि डी-16. रूप बदलायला लागणारा छातीतला भाग त्यांच्याकडे नाही. जन्मतःच नाही, असं त्यांना सांगितलेलं. म्हणून ते खालचे, म्हणून त्यांनी खणायचं. ओरायन आपल्या दोस्ताला एका जुन्या वीराचं चिन्ह आणून देतो आणि डी-16 ते आपल्या खांद्यावर लावून मिरवतो. पुढे कळतं की ज्याला ते राजा मानत होते त्यानेच तो भाग सगळ्यांच्या छातीतून काढून घेतला होता. दोघांनाही शक्ती एकाच वेळी मिळते, सारखीच मिळते. आणि तिथेच वाट फुटते. डी-16 ला त्या राजाला मारायचंय, ओरायन त्याला अडवायला मध्ये पडतो आणि दोस्ताचाच वार झेलतो. कड्यावरून खाली लोंबणाऱ्या ओरायनचा हात डी-16 धरून ठेवतो. धरून ठेवतो, त्याच्याकडे बघतो आणि सोडतो. खाली पडलेला ऑप्टिमस प्राइम होऊन वर येतो, तोच तो लाल-निळा, आणि हात सोडणारा मेगाट्रॉन होतो, तो राखाडी.

भाचा त्या जागी फोन थांबवून म्हणाला, “बघलंस?” मी बघितलं होतं. मला घशाशी काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं.

या खेळण्यांचा जन्म मी नंतर वाचला. जपानच्या ताकारा कंपनीच्या दोन वेगवेगळ्या मालिकांतली ही खेळणी. 1984 साली अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ती एकत्र करून विकायला काढली आणि त्यांना नावं, स्वभाव, पक्ष मार्व्हलच्या लेखकांनी दिले. म्हणजे प्लास्टिक आधी आलं, वैर नंतर लिहिलं गेलं. आणि दोस्ती तर त्याहूनही पुष्कळ वर्षांनी आली. पहिल्या कथांत ते दोघे नुसते शत्रूच होते. पुढच्या कथाकारांना मागे जाऊन त्या वैराच्या तळाशी मैत्री घालावी लागली. मला हे फार खरं वाटतं. अनोळखी माणसाशी वैर करून जन्म कोण काढतो? रोबोट हा शब्दही असाच मुळाशी नेणारा आहे. कारेल चापेकच्या 1920 च्या नाटकात तो पहिल्यांदा आला, त्याच्या भावाने सुचवलेला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. खोतांच्या घरी ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वेठ केली त्या कोकणातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खाणीत राबणारा तो डी-16 वेठीलाच धरलेला होता. त्याचा राग खोटा नव्हता. द्रोणाचाही नव्हता. पिठाचं पाणी खोटं थोडंच होतं?

आता मी आणि माझा मित्र ज्या चादरीत बसलो होतो त्या चादरीकडे येतो.

तेरेखोल नदी पावसात फुगली की बांद्यात आळवाडीकडे पाणी चढतं, बाजारात शिरतं. दुकानदार रातोरात माल वरच्या फळीवर चढवतात. पाणी ओसरल्यावर सगळ्या बाजारात त्या चिखलाचा ओलसर वास कितीतरी दिवस राहतो. अशाच एका पुरात, आम्ही पंचविशीत असताना, माझा मित्र कमरेला दोर बांधून छातीभर पाण्यात उतरला होता आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. एका घरातली म्हातारी आणि तिची नात त्याने बाहेर काढली. दोराने माझे तळवे सोलून निघाले. त्यानंतर आम्ही पोरांचं एक मंडळ उभं केलं. मंडळापाशी काय होतं? एक नारळाच्या काथ्याचा दोर, एक नायलॉनचा, ट्रकच्या चार ट्यूबा, बॅटऱ्या. दर पावसाळ्याआधी आम्ही दोघे दोर अंगणात पसरून वीत-वीत तपासायचो. कुठे काथ्या सुटलाय, कुठे कुजलाय ते बोटांना कळायचं.

मग देणगी आली. देणगी घ्यायची तर नोंदणी हवी, नोंदणीला अध्यक्ष हवा. माझा मित्र झाला. मीच त्याचं नाव सुचवलं होतं. पहिलं वर्षभर काही बिघडलं नाही. नंतर त्याच्याकडे जाताना मला आधी फोन करावा लागू लागला. सत्काराला शाल त्याच्या अंगावर पडायची आणि मी टाळ्या वाजवायचो. त्या टाळ्या मी मनापासून वाजवल्या, निदान सुरुवातीला. एकदा बैठकीत मी खर्चाचं विचारलं, तर तो चारचौघांत म्हणाला, लेखी दे. हिशेब चोख होता, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मला बाकड्याच्या मधोमध बसलेला द्रुपद दिसला.

आणि मी जे केलं ते सांगायलाच हवं. मी घरोघर फिरून त्याच्याविरुद्ध सह्या घेतल्या. त्याला न सांगता. ज्या हातात दोराचं टोक होतं त्याच हाताने तो कागद पुढे केला. आठवड्याभरात मंडळाचे दोन तुकडे झाले. पुढच्या पावसात आळवाडीत पाणी चढलं तेव्हा दोर माझ्या घरी होते, ट्यूबा त्याच्या घरी, आणि आम्ही दोघेही आपापल्या पडवीत बसून राहिलो. सुदैवाने पाणी उंबऱ्याशी थांबलं. त्या रात्री कुणाला काही झालं असतं तर, हा विचार मला आजही मध्यरात्री उठवतो.

वर्षं गेली. एकदा विजयदुर्गला गेलो होतो. तटावरून खाडीकडे बघताना मराठी आरमाराचे आंग्रे आठवत होते. कान्होजी 1729 मध्ये गेले, सेखोजी 1733 मध्ये, आणि मग संभाजी आणि मानाजी हे भाऊ एकमेकांवर उठले. ज्या आरमाराला इंग्रज, पोर्तुगीज टरकून होते त्याची वाटणी झाली, कुलाबा एकाकडे, इकडची बाजू दुसऱ्याकडे. पुढे त्यांच्याच भावाच्या, तुळाजीच्या काळात पेशव्यांनी इंग्रजांनाच मदतीला घेतलं आणि फेब्रुवारी 1756 मध्ये याच खाडीत मराठी गलबतं पेटली. एका गलबताची आग दुसऱ्यावर गेली. तिथे उभं राहून मला कुणा एकाला दोष देता येईना. प्रत्येकाकडे आपलं दुखणं होतं, आणि प्रत्येकाला ते खरंच वाटत होतं.

या मोसमात जत्रेतला धयकालो बघायला गेलो. आता पुढे चादर टाकून बसवत नाही, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. तीन रांगा पुढे मित्राचं डोकं दिसत होतं. केस पांढरे, मान तशीच किंचित डावीकडे कललेली. आख्यान दुसरंच होतं. पहाटे नाटक संपलं, माणसं चपला शोधायला लागली. मी सभामंडपाच्या मागच्या बाजूने निघालो. तिथे बल्बखाली राजा आणि राक्षस तेच बाकडं दोन्ही टोकांनी उचलून भिंतीकडे नेत होते. राजाचा मुकुट उतरला होता, राक्षसाच्या गालावरचा रंग तेलाने अर्धा पुसलेला. बाकडं टेकवून दोघे त्यावर बसले, आणि कुणीतरी चहा आणला.

बाजूला तो उभा होता. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांसमोर असे एकटे आलो नव्हतो. तो त्या नटांकडे बघत होता. माझ्याकडे न वळताच त्याने विचारलं,

“दोर खंय असा?”

“माळ्यार.”

“उंदरांनी कुरतडल्यान नाय मा?”

“नाय. दर मे म्हयन्यात बगतंय.”

त्याने मान हलवली. ट्यूबांतल्या दोन फुटल्या, दोन अजून हवा धरतात, म्हणाला. मग आम्ही चपला शोधायला लागलो. त्याची एक माझ्या पायाशी होती, ती मी पायाने त्याच्याकडे सरकवली.