पंगतीला सगळ्यांनी बसावे

वाचकहो, सुगी आटोपली की देशावरची कुटुंबे गणपतीपुळ्याला, दापोलीला, मालवणला समुद्र पाहायला निघतात. घरातले कोणी चाकाच्या खुर्चीवर असेल, तर त्याला मात्र घर राखायला ठेवतात. नेलेच तर त्याचे ताट गाडीत नेऊन देतात. असे करू नका. आधी नीट चौकशी केली, तर तोही सर्वांबरोबर जेवू शकतो.

कोकणात पाऊस फार. म्हणून घरांची जोती उंच आणि दाराशी जांभ्याच्या पायऱ्या. घरगुती खानावळी बहुधा अशाच घरांत असतात. तेव्हा फोनवर "खुर्ची येईल का?" एवढेच विचारू नका, "या, उचलून घेऊ" असे उत्तर मिळेल. पायऱ्या किती, दार किती रुंद, बाक हलतो का, टेबलाखाली गुडघे जातात का, संडासात खुर्ची वळते का, हे विचारा. निघण्यापूर्वी आपली खुर्ची टेपने मोजा. साधारण २५-२६ इंच भरते. दार ३० इंचांचे तरी हवे. अंगणात मांडवाखाली टेबल असेल, तर तेच मागा. सोलकढीची चव तिथेही तीच.

पायरीवर फळी टाकायची, तर १ फूट उंचीला १२ फूट लांबी धरा. बांधाला उतार मोजणाऱ्यांना हे काय सांगावे! खानावळवाल्यालाही हा हिशेब सांगा. लोकांसाठी उघडलेली जागा खासगी असली, तरी तिथे दिव्यांगांना जाता यावे, असे २०१६चा कायदा सांगतो. तेव्हा संकोच न करता विचारा.