निकाल मिळतो, फाइल मिळत नाही

भिलाईकराला कोर्टाचे काम पडले की दुर्ग गाठावे लागते, आणि उच्च न्यायालयातले अपील म्हटले की बिलासपूर. घराचा किंवा वारसाचा वाद निघाला की इथल्या मराठी घरांतही पेशी (सुनावणीची तारीख), नकल (प्रमाणित प्रत) हेच शब्द चालतात. ई-कोर्ट्समुळे या व्यवहारात खरी सोय झाली, असा माझा अनुभव आहे. खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख, आदेश, निकाल फोनवर दिसतात. एवढ्यासाठी पेशकाराची मनधरणी करावी लागत नाही. पण लोकांसाठी खुली झाली आहेत ती फाइलची शेवटची पाने. निकाल कशाच्या आधारावर लागला हे सांगणाऱ्या साक्षी आणि दाखल कागद रेकॉर्ड रूममध्येच राहतात.

हा फरक किती मोठा, ते कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या हत्येच्या खटल्यावरून कळते. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत झोपेत असताना नियोगींची हत्या झाली. 1997 मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने आरोपी पलटन मल्लाहला फाशी आणि दोन उद्योगपतींसह इतरांना जन्मठेप दिली. पुढल्याच वर्षी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले (छत्तीसगड तेव्हा व्हायचे होते). 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मल्लाहला दोषी धरून जन्मठेप दिली, बाकीच्यांची सुटका कायम ठेवली. पुरावा तोच आणि निष्कर्ष तीन. त्यांतला कोणता पटतो हे ठरवायला निकालपत्रे पुरत नाहीत, कारण प्रत्येक न्यायालय आपल्याला महत्त्वाची वाटलेली साक्षच उद्धृत करते. ज्या कामगार वस्त्यांनी हा खटला वर्षानुवर्षे ऐकला, त्यांनी मूळ जबान्या वाचायच्या कुठे?

माहिती अधिकार आहे ना, असे कोणी म्हणेल. तो मार्ग सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात बंद केला: न्यायालयीन कागद न्यायालयाच्या नियमांनीच मागायचे, आणि पक्षकार नसलेल्याने प्रतिज्ञापत्रासह कारण सांगायचे. खासगीपणाचा आक्षेप याहून वजनदार आहे. बलात्कारपीडितेची ओळख, बालकांची प्रकरणे, घटस्फोटाचे तपशील झाकलेच पाहिजेत. त्यासाठी कायदे आहेतच. पण काही पाने झाकायची म्हणून सगळे दप्तर कुलपात का? साक्षीचे वृत्त छापण्यावरच्या बंदीविरुद्ध गेलेले पत्रकार नरेश श्रीधर मिरजकर 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले, तरी सुनावणी खुली असावी हा नियम आणि बंदी हा अपवाद, हे त्याच निकालाने मान्य केले. सुनावणीच्या दिवशी मागच्या बाकावर बसून कोणीही ऐकलेली साक्ष दहा वर्षांनी वाचायला कारण द्यावे लागणे, हे मला विसंगत वाटते. कर्मचाऱ्यांवरचा भार खरा आहे. त्यासाठी नकलेची फी वाढवा, मुदत लांबवा, पण कारण विचारू नका.

नकलेचे नियम उच्च न्यायालये करतात. निकाली खटल्यांतले कागद मागणाऱ्याकडून कारण घेण्याची अट काढून टाकण्याचा निर्णय आपल्यापुरता बिलासपूरने घ्यावा.