आज दिवसभर काय केलं?

बालमित्रांनो, खळ्यावर धान चुरताना तुम्ही कधी पाहिलं आहे का? आमच्या भंडारा जिल्ह्यात धान हेच मुख्य पीक. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला येतो आणि मागाहून भारी धान. कापलेल्या कडपा बांधीत वाळल्या की त्यांचे भारे बांधतात आणि खळ्यावर पुंजणं रचतात. पूर्वी बैल फिरवून धान चुरत. मी सातवीत होतो तेव्हा आमच्याकडे ट्रॅक्टरवर चालणारं मळणीयंत्र येऊ लागलं होतं. यंत्र येणार म्हटलं की आम्हा पोरांच्या अंगात वारं शिरायचं!

त्या वर्षी पुंजणं रचल्यावर अवकाळी पाऊस झाला. वरून सगळं वाळल्यासारखं दिसत होतं, पण रविवारी पुंजणं फोडलं तर आतली तणस काळपट पडलेली, कुबट वासाची. भारा उचलला की पांढुरका धूर उठायचा. माझं काम होतं यंत्रातून पडणारी तणस ओढून बाजूला टाकण्याचं. मोठे बाबा ओरडून म्हणाले, "बाबू, तोंडाले दुपट्टा बांध!" मी हसलो. तोंड बांधायला मी काय म्हातारा आहे? दिवसभर धुळीत उभा राहिलो. नाकातून काळं पाणी आलं, त्याचीही मजा वाटली.

रात्री मात्र थंडी वाजून ताप भरला. छाती आवळल्यासारखी झाली, कोरडा खोकला थांबेना. घरात सगळे म्हणाले हिवताप आहे. सकाळी बाबांनी सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि विचारलं, "काल दिवसभर काय केलं रे?"

मला वाटलं, तापाचा आणि याचा काय संबंध? पण मी सांगितल्यावर ते म्हणाले, "मग हा ताप तणसेतल्या बुरशीचा असावा." त्यांनी रक्तही तपासायला घेतलं. हिवताप निघाला नाही. दोन दिवसांत मी बरा झालो.

तो प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. पुढे वाचताना कळलं की तो फार जुना आहे. १७०० साली इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरांनी कामकऱ्यांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. रोग्याला इतर गोष्टींबरोबर 'तू काम काय करतोस?' हेही विचारा, असं त्यांनी त्यात सांगितलं. आणि गंमत म्हणजे, धान्य चाळणाऱ्या आणि मोजणाऱ्या लोकांवर त्यात चक्क एक वेगळं प्रकरण आहे! या लोकांना दम लागतो हे त्यांनी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. १९३२ साली इंग्लंडमधल्या कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी बुरसलेलं गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या आजाराचं वर्णन केलं. त्याला आज 'शेतकऱ्याचं फुप्फुस' असंच नाव आहे.

हे होतं कसं? आपल्या दोन फुप्फुसांत मिळून सुमारे ३० कोटी इवले इवले वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले, तर जवळपास ७० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे एक चांगलं ऐसपैस खळंच की! या खळ्याची राखण नाक करतं. नाकातले केस जाड धूळ अडवतात. त्याहून बारीक धूळ श्वासनळीतल्या चिकट स्रावात अडकते आणि तिथले सूक्ष्म केस तो स्राव सतत वर ढकलत राहतात. पण बुरशीचे कण या सगळ्यांना चकवतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि बुरसलेल्या तणसेतले कितीतरी कण एक-दोन मायक्रॉनचेच. ते थेट वायुकोशापर्यंत पोहोचतात. एकदाच खूप धूळ गेली तर माझ्यासारखा ताप येतो आणि उतरतो. पण वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तेच झालं तर काहींची फुप्फुसं निबर होत जातात. मग दम लागतो तो कायमचाच.

आता म्हणाल, उपाय काय? पहिली गोष्ट, दुपट्ट्याच्या आधी वाऱ्याकडे बघा. चिमूटभर तणस हवेत सोडा. ती उडते त्या बाजूला उभं राहू नका. यंत्राचं तोंडही असं ठेवायला सांगा की भुसा माणसांपासून दूर जाईल. दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याच तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीत दगडाला भोक पाडताना पाणी सोडायची पद्धत असते, म्हणजे धूळ उठण्याआधीच बसते. धानावर पाणी मारता येत नाही हे खरं, पण खळ्याभोवतीची जमीन झाडण्याआधी सडा तर टाकता येतो ना? शहरातल्या दोस्तांनो, तुमच्या मैदानावर गवत कापायचं यंत्र फिरतं तेव्हाही हेच. फुफाटा झालेल्या मातीवर आधी थोडं पाणी शिंपडायला सांगा आणि यंत्राच्या मागे मागे पळू नका.

तिसरी गोष्ट मास्क. एकपदरी दुपट्टा जाड भुसा अडवतो, बुरशीचे बारीक कण नाही. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो. तो ०.३ मायक्रॉनचे शंभरातले निदान ९५ कण अडवतो. कसे? केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तशीच त्याच्या धाग्यांत विद्युतभाराची ओढ असते. म्हणून तो धुवायचा नाही बरं का! धुतला की ती ओढ कमी होते. दोन्ही पट्टे डोक्यामागे हवेत आणि नाकावरची पट्टी दाबलेली हवी. श्वास सोडताना डोळ्यांवर वारा लागला तर समजा, फट राहिली. मोठ्यांचा मास्क मुलांच्या तोंडावर नीट बसत नाही, म्हणून तुमच्यासाठी उत्तम मास्क म्हणजे अंतर. आणि चालू यंत्राजवळ मुलांचं काय काम?

आता जे सांगतो, त्यासाठीच खरं तर हे सारं लिहायला बसलो. आमच्या खळ्यावर दर हंगामाला एक मावशी यायच्या. धान उफणणं, भुसा झाडणं ही कामं त्यांची. सगळ्यांत जास्त धूळ असायची ती तिथेच. त्या यायच्या आधी त्यांचा खोकला ऐकू यायचा. आम्ही पोरं म्हणायचो, "आली रे मावशी!" एका वर्षी त्या आल्या नाहीत. धाप लागते म्हणून घरीच आहेत, एवढं कळलं. आम्ही दुसरी बाई बोलावली आणि काम सुरू केलं.

मावशींचा खोकला धुळीचाच होता, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. क्षय असेल, आणखी काही असेल. कारण त्यांना कुणी विचारलंच नाही. मी एकच दिवस धुळीत उभा होतो, तर मला दवाखान्यात नेलं, प्रश्न विचारला, रक्त तपासलं. त्या जन्मभर उभ्या होत्या. त्यांना ना कुणी दवाखान्यात नेलं, ना तो प्रश्न विचारला. विचारायला मीही होतो की तिथे.

आता कितीतरी ठिकाणी हार्वेस्टर येतात, खळी कमी झाली. पण धूळ काही गेली नाही. तुमच्या घरी धान निघेल, भातगिरणीत पोती रिकामी होतील, तेव्हा बाबांना सांगा की मास्क आणायचे तर मोजून आणा. घरच्या माणसांना मोजा, तसे रोजीच्या माणसांनाही मोजा. भुसा झाडणारीला पहिला द्या. आणि कुणी दोन आठवड्यांहून जास्त खोकत असेल, तर सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते, हे त्यांना सांगा. तिथे गेल्यावर आपण रोज काय काम करतो, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायचं, हेही सांगा.

मी हे मावशींना सांगायला हवं होतं. ते राहून गेलं. तुमचं राहू देऊ नका.