सही माझी होती

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या शाळेच्या वाढीव तुकडीचा अर्ज एका ओळीच्या पत्रानं परत आला. विनंती मान्य करता येत नाही, एवढंच. कोणत्या नियमानं नाही, का नाही, काही नाही. आमचं म्हणणं ऐकायला कुणी बोलावलंही नव्हतं. मी संतापलो. साध्या चाचणीत एखाद्या पोराला शून्य दिला तरी तो पेपर घेऊन टेबलाशी येतो आणि 'सर, कुठं चुकलं?' असं विचारतो. मग त्याला दाखवावं लागतं.

माझा एक माजी विद्यार्थी इथंच वकिली करतो. त्याच्याकडे गेलो. त्यानं चहा पाजला आणि एका जुन्या निकालाची झेरॉक्स हातात ठेवली. 'सर, आधी हे वाचा. मग अर्जाचं बघू.'

खटला मुंबईचा. अंधेरीला सिनेमागृह बांधायचं म्हणून गोरधनदास भानजी या गृहस्थांनी १९४५ साली परवानगी मागितली. आधी नकार आला, मग अंधेरी मुंबईत सामील झाली आणि अधिकार पोलीस कमिशनरांकडे आला. पुन्हा अर्ज, पुन्हा नकार, असं होत होत जुलै १९४७ मध्ये परवानगी मिळाली. दोन महिन्यांनी कमिशनरांचं पत्र आलं की, आपली परवानगी रद्द झाल्याचं कळवण्याची सरकारची आपणास आज्ञा आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. नोव्हेंबर १९५१ मध्ये निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. हे पूर्वी नागपूरच्या हायकोर्टात सरन्यायाधीश होते.

त्यांचं म्हणणं कुणालाही पटावं असं साधं आहे. नियमांनी परवानगीचा अधिकार कमिशनरांना दिलेला. मग रद्द करायची की नाही, हा विचार त्यांनीच करायला हवा. इथं तर त्यांनी सरकारचा निरोप पोचवला. अधिकारी असून टपालवाल्याचं काम केलं. पुढे कोर्टात कमिशनर सांगू लागले की निर्णय माझाच होता. त्यावर न्यायमूर्तींनी म्हटलं की, हुकमाचा अर्थ हुकमात लिहिलेल्या शब्दांवरून लावायचा. साहेबांच्या मनात काय होतं हे त्यांनी मागाहून सांगून चालत नाही. पुढं १९७७ साली मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणुकीच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी याच निकालाचा आधार घेतला, आणि हुकूम काही जुन्या दारूसारखे मुरून चांगले होत नाहीत, अशा अर्थाची कोपरखळीही मारली.

आणि गंमत म्हणजे, अंधेरीला थिएटर हवं की नको हे सुप्रीम कोर्टानं ठरवलंच नाही. कमिशनरांना सांगितलं की रद्द करण्याच्या मागणीचा स्वतःच्या बुद्धीनं विचार करा आणि निर्णय द्या. आम्हा शाळामास्तरांना हे लगेच कळतं. दहावीच्या निकालानंतर रिटोटलिंग वेगळं आणि रिव्हॅल्युएशन वेगळं. रिटोटलिंगला निबंध चांगला की वाईट हे कुणी पाहत नाही. बेरीज बरोबर आहे का, एखादी पुरवणी तपासायची राहिली का, एवढंच पाहतात. अशा खटल्यांत कोर्ट बहुधा पहिलं काम करतं. त्यानं परवाना मिळेलच असं नाही, पण पुरवणी उघडावी लागते.

हे वाचताना मी मनात त्या एका ओळीच्या पत्राला उत्तर लिहीत होतो. टपालवाल्यापाशी आलो आणि थांबलो. मला भडंगवाली अक्का आठवली.

२०११ सालची गोष्ट. अक्का आमच्या आवारात चिंचेखाली बुट्टी घेऊन बसायची. भडंग, चिक्की, मिठातले आवळे. माझ्या आधीच्या हेडसरांनी तिला लेखी परवानगी दिली होती. एक दिवस संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा फोन आला, 'पालकांच्या तक्रारी आहेत, तिला उठवा.' मी 'होय साहेब' म्हटलं आणि पत्र टाईप करून घेतलं. वरून आदेश असल्यानं परवानगी रद्द करण्यात येत आहे. खाली माझी सही. कुठल्या पालकांच्या, कसल्या तक्रारी, मी विचारलं नाही. तिलाही काही विचारलं नाही. स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा स्वच्छतेचं कारण सांगितलं. पुढे कुणीतरी पुन्हा विचारलं तेव्हा गर्दीचं सांगितलं. दोन्ही कारणं मला पत्रानंतर सुचलेली.

शाळेच्या आवारातली बुट्टी म्हणजे सरकारी परवाना नव्हे. ती कोर्टात गेली असती तर काय झालं असतं ते वकिलांना विचारावं. पण नवा अर्ज नाकारणं आणि रोज ज्याच्यावर चूल पेटते ते काढून घेणं यातला फरक कळायला वकील लागत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. अक्का मराठी बोलायची, आमच्या भागात बोलतात तशी, पण वाचायची फक्त कन्नड. मी पत्र दिलं मराठीत. ती ते उलटसुलट करून म्हणाली, 'ह्यात काय लिहिलंय सर, वाचून सांगा की.' मी शिपायाला वाचायला सांगितलं आणि तासावर गेलो. सात-बाऱ्याचा उतारा आणि घरपट्टीची नोटीस आम्हाला कळेल अशा भाषेत मिळावी म्हणून आम्ही किती वर्षं भांडतोय! १९६२ साली महाराष्ट्रातल्याच एका स्थानबद्धाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की ज्याला इंग्रजी येत नाही त्याला अटकेची कारणं नुसती इंग्रजीत देऊन भागत नाही. हेही त्या वकील पोरानंच सांगितलं. मी मान डोलावली. अक्काबद्दल त्याला काही बोललो नाही.

वाढीव तुकडीचा अर्ज आम्ही पुन्हा केला आहे, कारणं लेखी द्यावीत अशी विनंती जोडून. त्याच आठवड्यात क्लार्ककडून २०११ ची फाईल मागवली. आत पत्राची स्थळप्रत आहे. तक्रारीचा कागद एकही नाही. स्थळप्रतीच्या कोपऱ्यात पोच म्हणून अक्काची कन्नडमधली सही आहे, अक्षर सुरेख, वळणदार.

ती आता कुठल्या गल्लीत राहते हे शिपायाला ठाऊक आहे. मी अजून गेलेलो नाही.